ट्रॅक बंद करा, कडवी वाटून घ्या

आपल्या मंडळाच्या गणपतीत आरती दणक्यात होते, यात वाद नाही. भरलेलं सभागृह, झांजा, टाळ्या आणि स्पीकरवर लावलेला आरतीचा तयार ट्रॅक. या गजरात कोणाला किती येतं, हे कळायला मार्गच नसतो. पहिलं कडवं सगळे म्हणतात, दुसऱ्यात नुसते ओठ हलतात, तिसऱ्यात टाळ्यांचा जोर वाढतो आणि ‘घालीन लोटांगण’ला सगळे पुन्हा एकत्र येतात. आपली मुलं या गर्दीच्या आवाजावर तरून जातात. आपणही जातो. 2020 साली महासाथीत ती गर्दीच नाहीशी झाली, तेव्हा हे उघडं पडलं. त्यावरचा उपायही त्याच वर्षी सापडला. पण सभागृहं पुन्हा उघडली तसा आपण तो सोडून दिला. तो मंडळाने परत आणावा, एवढंच मला म्हणायचं आहे.

आमच्या घरी हा उपाय सासूबाईंनी काढला. 2020च्या जानेवारीत त्या न्यू जर्सीला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली. पुढे काही विमानं सुरू झाली, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तेवढ्या तासांच्या बंद प्रवासाला धाडायचा धीर आम्हाला होईना. मुदतवाढीचा अर्ज केला आणि त्या राहिल्या. तरुणपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या, पुण्यात भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्या. नातवंडं तीन ठिकाणी विखुरलेली: काही आमच्याकडे, काही सिएटलला, काही पुण्यात. सणांचे दिवस जवळ आले आणि त्यांनी सरळ विचारलं, “या वर्षी गायचं कसं?”

प्रश्न साधा नव्हता. त्या वर्षी एकत्र गाणं हीच धोक्याची गोष्ट ठरली होती. वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन गावी 10 मार्चला स्कॅजिट व्हॅली कोरालच्या तालमीला 61 माणसं जमली होती. त्यांतली 53 आजारी पडली आणि दोघं दगावली. मोकळ्या गळ्याने गाताना श्वासाबरोबर काय बाहेर पडतं, ते त्या तालमीमुळे जगाला कळलं. मुंबईत लालबागच्या राजाची मूर्तीही त्या वर्षी बसली नाही. मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. इथे आपलं सभागृहही बंदच होतं. राहिला व्हिडिओ कॉल.

22 ऑगस्टला गणेश चतुर्थी शनिवारी आली. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, आमच्याकडे सकाळचे दहा, सिएटलला सात. तिन्ही घरांनी एकदम आरती धरली आणि दोन ओळींत तिची दाणादाण उडाली. प्रत्येकाला दुसरा मागे पडतोय असं वाटे, म्हणून जो तो थांबे, मग सगळेच रेंगाळत. यात कोणाच्या तालाचा दोष नव्हता. एकत्र गाणाऱ्यांना तीस मिलिसेकंदांच्या आसपास उशीर चालतो. एकमेकांपासून दहा मीटरवर उभं राहिलं तर आवाज पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पुणं इथून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी एका बाजूच्या प्रवासातच साठ मिलिसेकंदांहून जास्त गेले असते. प्रत्यक्षात केबल वळसे घेते आणि वाटेतली यंत्रं आणखी वेळ खातात. त्यात सॉफ्टवेअरला तानपुऱ्याचा अखंड सूर पंख्याच्या घरघरीसारखा वाटे आणि ते तो गाळून टाकी. थोडक्यात, पुणं आणि न्यू जर्सी एका तालात गाऊ शकत नाहीत. ही निसर्गाचीच अट आहे.

सासूबाईंना हे आकडे ठाऊक नव्हते, पण अडचण त्यांना बरोबर समजली. कीर्तनात बुवा म्हणतात आणि मागचे झील धरतात, तीच रीत त्यांनी इथे लावली. एका वेळी एकच घर गाणार, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरात ध्रुवपद म्हणायचं. पहिलं कडवं पुण्याचं, दुसरं सिएटलचं, तिसरं आमचं. दुसऱ्या दिवशी क्रम बदलायचा. म्हणजे ज्याच्या वाट्याला जे कडवं आलं ते त्याला अथपासून इतिपर्यंत, एकट्याने, आजीच्या कानांदेखत म्हणणं आलं.

इथे खरी गोष्ट सुरू झाली. कारण नातवंडांपैकी एकालाही दुसरं कडवं धड येत नव्हतं. मग रोज संध्याकाळी फोनवर एकेकाची शिकवणी. आधी पट्टी ठरायची. सिएटलच्या नातीचा आवाज काळी चारला मोकळा लागायचा, तर आमच्याकडच्या थोरल्याचा आवाज फुटलेला, त्याला खाली आणावं लागे. मग उच्चार, विशेषतः ‘ळ’ आणि ‘ण’. रोमन लिपीतून पाठ करणाऱ्या मुलांची तिथे हटकून फसगत होते. आणि मग श्वास. ओळीत श्वास कुठे घ्यायचा यावर सासूबाई फार कटाक्षाने बोलत. शब्द मधेच तोडून दम घेतला की त्या थांबवत आणि विचारत, “याचा अर्थ काय लागला तुला?” अर्थ सांगितल्याखेरीज पुढे जाणं नाही. श्वासाची जागा कळायला वाक्य कुठे संपतं ते कळावं लागतं. आमच्या मुलांना आरतीचा अर्थ समजला तो असा, गळ्यातून. वर्षानुवर्षं सभागृहात उभं राहून तो कधी समजला नव्हता.

त्या वर्षी अधिक आश्विन आला, त्यामुळे नवरात्र लांबून 17 ऑक्टोबरला बसलं आणि तयारीला एक महिना जास्त मिळाला. भोंडल्याची गाणी त्यांनी याच पद्धतीने वाटली. प्रत्येक घराने पाटावर हत्ती काढला, गाणी पाळीपाळीने झाली आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायला लावली. तो खेळ कॉलवर चांगलाच रंगला, कारण त्याला एका तालात गाणं लागत नाही. 14 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला प्रवास टाळण्याची सूचना निघाली, तेव्हा सिएटलच्या मंडळींनी आपला बेत रद्द केला आणि त्या गुरुवारीही सगळे स्क्रीनसमोर बसले. त्या दिवशी मुलांनी आजीला आपल्या शाळेच्या कॉयरमधलं एक गाणं शिकवलं. तिथेही आजीने आधी पट्टी विचारली.

त्या काळात मंडळानेही पुष्कळ केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईचे नामवंत गायक घरबसल्या ऐकायला मिळाले. तिकडे सवाई गंधर्व महोत्सवही होऊ शकला नव्हता आणि कलाकारांना मंडळाने दिलेल्या मानधनाचा आधार झाला. शिवाय खिडक्याखिडक्यांचा आरतीचा व्हिडिओही आपण केला. त्या प्रकाराला आधीचा इतिहास आहे. एरिक व्हिटेकर या अमेरिकी संगीतकाराने 2010 साली 185 जणांचे स्वतंत्रपणे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून असा कॉयर घडवला होता. पण अशा व्हिडिओत प्रत्येकजण कानात ट्रॅक घालून एकटा गातो आणि शेजारचा कोणाला ऐकू येत नाही. चुकलेली ओळ कापता येते. न येणारा मागच्या रांगेतल्या खिडकीत खपून जातो. सभागृहातली लपायची जागा आपण तिथेही जपली. सासूबाईंच्या रीतीत चूक कापता येत नव्हती, ती सुधारावी लागे, आणि म्हणूनच मुलं शिकली.

आता आक्षेप. पहिला, मुलं लाजतात, त्यांना एकटं उभं करणं बरं नव्हे. पण हीच मुलं शाळेत बँडमध्ये सोलो वाजवतात, स्पेलिंग बीला उभी राहतात. लाज वाटते ती येत नसलेल्या गोष्टीची. आणि मी एकट्या मुलाला उभं करा म्हणत नाही. एक कुटुंब एक कडवं म्हणेल, आईबाप शेजारी असतील. त्यांनाही त्यामुळे ते शिकावं लागेल, हा वरचा फायदा.

दुसरा आक्षेप कार्यकारिणीतून येतो: लोक भेटायला, जेवायला, करमणुकीला येतात, आणि नामवंत कलाकार आला तर तिकिटं खपतात. मान्य. कलाकार बोलवूच नका असं कोण म्हणतं? मी आरतीच्या दहा मिनिटांबद्दल बोलते आहे. त्या दहा मिनिटांना तिकीट नसतं आणि कलाकारही लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. प्रत्येक घरात गाणारी आजी नसते. काही घरांतली आजी त्याच वर्षी गेली आणि शेवटचं दर्शनही फोनवर घ्यावं लागलं. त्यांच्यासमोर महासाथीच्या गोड आठवणी काढणं क्रूरपणाचं आहे, आणि तो काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. उलट, ज्यांच्या घरी आजी नाही त्यांच्यासाठीच हे काम मंडळाने हाती घ्यायला हवं. दर उन्हाळ्यात आपल्या गावात किती आजी-आजोबा येतात! नातवंडं कॅम्पला, मुलं-सुना कामावर आणि ही माणसं दुपारभर घरात बसून. त्यांत भजन म्हणणारे आहेत, नाट्यगीतं येणारे आहेत, निवृत्त संगीतशिक्षकही निघतील. आपण त्यांना ज्येष्ठांच्या सहलीला नेतो आणि पुढच्या रांगेत बसवतो. त्यांना काम कोणी देत नाही.

चौथा आक्षेप असा की आरती सगळ्यांची नसते. तर मग महाराष्ट्रगीत घ्या. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 साली अधिकृत राज्यगीत झालं, आपण ते हौसेने लावतो आणि ट्रॅकमधल्या शाहीर साबळ्यांच्या आवाजावर सगळा भार टाकून मोकळे होतो. त्याचीही कडवी वाटता येतील.

म्हणून मागणी नेमकी मांडते. गणपतीच्या दोन महिने आधी मंडळाने दोन याद्या कराव्यात: शिकवू शकणाऱ्या आजी-आजोबांची आणि शिकायला तयार असलेल्या घरांची. जोड्या लावून द्याव्यात. शिकवणी फोनवर होईल. एका वेळी एकजण गाणार असेल तर तारेतला उशीर आड येत नाही. आजी पुण्यात असली तरी चालेल. आणि आरतीच्या दिवशी ट्रॅक बंद. एका कडव्याला एक घर, ध्रुवपदाला सगळं सभागृह. पहिल्या वर्षी कोणीतरी अडखळेल, सूर उतरेल, लोक हसतील. पुढच्या वर्षी तेच घर न अडखळता म्हणेल.

‘सुखकर्ता’ची कडवी तीन, म्हणजे सुरुवातीला फक्त तीन घरं हवीत. त्यांतलं एक आमचं लिहून घ्या. कडवं दुसरं द्या.