पंच आणि पक्षकार

आपल्या वसईचे नाव इतिहासात दोन कारणांनी येते. एक, १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला. दुसरे, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. आज जगात जे चालले आहे ते समजून घ्यायला हा तह उपयोगी पडतो.

यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पेशवे वसईला आले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे संरक्षण मागितले. कंपनीने किमान सहा हजारांची फौज कायमची देऊ केली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख घेतला. खरी मेख पुढेच होती. निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे वाद असतील, त्यांचा निवाडा कंपनीने करायचा होता. त्या दोघांशीही कंपनीचे आधीच तह झालेले होते. म्हणजे ज्याचे हितसंबंध गुंतलेले, तोच पंच. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे दुखणे हेच आहे. पाच स्थायी सदस्यांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की ठराव पडतो. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील हल्ला थांबवण्याचा ठराव खुद्द हल्ला करणाऱ्या रशियाने अडवला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी गाझातील युद्धबंदीच्या ठरावाला पंधरापैकी तेरा देशांनी होकार दिला. इस्रायलला शस्त्रे पुरवणाऱ्या अमेरिकेच्या एकट्या नकाराने तो पडला. जुलूम कुणीही केला तरी मोजमाप एकच हवे.

मग उपाय काय? नुसत्या जागा वाढवून भागत नाही. १९६५ मध्ये सदस्य ११ वरून १५ झाले, नकाराधिकार तसाच राहिला. वादातल्या पक्षकाराने मत देऊ नये, हे तत्त्व सनदेच्या कलम २७ मध्ये आहे; पण ते वाद शांततेने मिटवण्याच्या ठरावांपुरतेच. ते सगळीकडे लागू करायचे तर सनद बदलावी लागेल आणि त्यालाही पाचही जणांची मंजुरी लागते.

तरी थोडी वाट निघाली आहे. नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेने त्यावर चर्चा घ्यावी, असा ठराव एप्रिल २०२२ मध्ये झाला. त्याने बॉम्ब थांबत नाहीत, पण बलवानाचा नकार साऱ्या जगासमोर चर्चेला येतो.

भारताने स्थायी जागा जरूर मागावी. सोबत पक्षकाराने मत देऊ नये, ही मागणीही धरावी आणि हा नियम आपल्यालाही लागू राहील, हे आधीच सांगावे. नाहीतर पंच पाचाचे सहा होतील आणि इन्साफ मागणारा दारातच उभा राहील.