ऑक्टेन कुणाचे, मायलेज कुणाचे?

ऑगस्ट 2025 मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविरुद्ध देशभरातून तक्रारींचा ओघ सुरू झाला, तेव्हा केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या खुलाशात एक नवलाचा युक्तिवाद वाचायला मिळाला. मायलेज किंचित घटते हे मान्य करून मंत्रालयाने पुढे सांगितले की, इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे 108.5 आहे, पेट्रोलचा 84.4, सबब ई-20 साठी जुळवलेली गाडी अधिक चपळाईने वेग घेते. शर्यतीच्या मैदानावरचा हा युक्तिवाद रोज कामावर जाणाऱ्या स्कूटरस्वाराच्या समाधानासाठी पुढे करण्यात आला होता. त्याच दिवसांत महागड्या वेगवान गाड्यांचे शौकीन इथेनॉलमुळे इंजिनाची ताकदच गेली, असा टाहो फोडत होते. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर शौकिनांचा टाहो चुकीचा ठरतो. मंत्रालयाचा युक्तिवाद मात्र खरा असूनही भलत्याच माणसाला ऐकवला गेला, आणि ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

इंजिनाची कमाल ताकद ठरते ती हवेवरून. सिलिंडरमध्ये प्रत्येक फेरीला किती हवा शिरणार याला मर्यादा असते. इंधन मात्र हवे तेवढे फवारता येते. एक किलो हवेत साधारण 68 ग्रॅम पेट्रोल पुरते जळते आणि त्यातून सुमारे 2.9 मेगाज्यूल ऊर्जा मिळते. तेवढ्याच हवेत इथेनॉल जळते 111 ग्रॅम, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. आणि त्यातून मिळणारी ऊर्जा भरते सुमारे 3 मेगाज्यूल. म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला असता इथेनॉल पेट्रोलच्या मागे पडत नाही, कांकणभर पुढेच राहते. ताकद मेल्याची आवई इथेच निकालात निघते.

परंतु गाडी धावते टाकीतल्या लिटरवर, आणि पैसे मोजले जातात तेही लिटरमागे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे 21. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे जवळजवळ 7 टक्के आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत सुमारे 3.5 टक्के ऊर्जा कमी पडते. ताकद तीच आणि मायलेज कमी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांत विरोधाभास नाही; ती दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली जमा दाखवून दुसऱ्यातला खर्च झाकणे हे हिशेबनीसाला शोभत नाही, मग सरकारला कसे शोभावे?

आता ऑक्टेनकडे वळू. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले तापलेले मिश्रण आपोआप पेटले की इंजिन ठकठक वाजू लागते. या नॉकिंगला इंधन किती काळ दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. त्या अंकात ऊर्जेचा एक कणही नसतो. तो इंजिनाच्या रचनाकाराला मिळालेला परवाना आहे: मिश्रण अधिक दाबा, टर्बोने अधिक हवा कोंबा, ठिणगी अधिक लवकर पाडा. परवाना वापरला तर ताकद मिळते, न वापरला तर काहीच मिळत नाही. इथेनॉलचा आणखी एक गुण म्हणजे थंडावा. एक किलो हवेबरोबर जाणारे पेट्रोल वाफ होताना सुमारे 24 किलोज्यूल उष्णता शोषते, इथेनॉल सुमारे 100. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला हे वरदानच आहे.

म्हणूनच स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची जेस्को ही गाडी पेट्रोलवर 1,280 अश्वशक्ती देते आणि ई-85 वर 1,600. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींच्या गाड्या 2007 च्या हंगामापासून इथेनॉलवर धावू लागल्या, त्यामागेही केवळ पर्यावरणाचा पुळका नव्हता. पण जेस्कोमधील त्या वाढीव 320 अश्वशक्ती बाटलीतून आलेल्या नाहीत. टर्बोचा वाढवलेला दाब, मोठा प्रवाह देणारे इंजेक्टर आणि त्या इंधनासाठी वेगळी जुळवलेली संगणकप्रणाली यांतून त्या आल्या. हेच इंधन या तयारीविना ओतले तर हाती उरते फक्त लवकर रिकामी होणारी टाकी.

मंत्रालयाच्या आकड्यांविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी. पेट्रोलचा ऑक्टेन 84.4 सांगणाऱ्या मंत्रालयाने त्याच महिन्यात असेही सांगितले की, बीएस-6 नंतर देशातील साध्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन 91 आहे आणि वीस टक्के इथेनॉलने तो 95 होतो. मग 84.4 हा कोणत्या पेट्रोलचा, कोणत्या पद्धतीने मोजलेला अंक? ऑक्टेन मोजण्याच्या रिसर्च आणि मोटर अशा दोन पद्धती आहेत आणि त्यांचे अंक एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पदवीच्या प्रयोगशाळेत एककाचा असा घोळ घातलेली वही परत येते.

तरीही 95 हा आकडा खरा धरू. त्याचा लाभ कुणाला? ज्या आयात स्पोर्ट्स गाड्यांच्या इंधनाच्या झाकणावर किमान 95 किंवा 98 ऑक्टेन असे छापलेले असते, त्या आजवर भारतातील 91 ऑक्टेनवर धावताना नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडत आणि थोडी ताकद गमावून बसत. ऑक्टेनच्या बाजूने पाहता ई-20 त्यांना त्यातली काही परत देतो. नव्या टर्बो पेट्रोल मोटारींनाही थोडा फायदा संभवतो. गंमत अशी की, ज्यांच्या तक्रारीचा आवाज सर्वांत मोठा होता त्यांच्याच इंजिनांना या मिश्रणातून काही मिळण्यासारखे आहे. आणि तरीही इथेनॉल नकोच असेल, तर डिसेंबर 2020 पासून मोजक्या शहरांत 100 ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. सुरुवातीला दिल्लीत त्याचा दर लिटरला सुमारे 160 रुपये होता. ज्याला परवडते त्याला पळवाट आहे.

बीएस-4 काळातील कार्ब्युरेटरच्या दुचाकीला यातले काहीही मिळत नाही. तिचे इंजिन कमी दाबाचे. 95 ऑक्टेनचा परवाना तिच्या उपयोगाचा नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून इंधन वाढवणारा सेन्सरही तिच्यापाशी नाही. दहा टक्के मिश्रणाला एका भागामागे सुमारे 14.1 भाग हवा लागते, वीस टक्क्यांना 13.5. कार्ब्युरेटरला हा बदल कळत नाही; तो जुन्याच प्रमाणात इंधन सोडतो आणि मिश्रण चारेक टक्क्यांनी विरळ होते. गार इंजिनाचे अडखळणे, ॲक्सिलरेटर पिळल्यावर क्षणभर दम तुटणे, या तक्रारींना असे साधे कारण असू शकते. अशा तक्रारदाराला मंत्रालयाने टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि गाडी चालवण्याची सवय यांचेही मायलेजवर परिणाम होतात, असे सुनावले. होतात ना! पण ते मिश्रण बदलण्याच्या आदल्या दिवशीही होतच होते.

समजा, एक दुचाकी वर्षाला 15,000 किलोमीटर धावते आणि लिटरमागे 45 किलोमीटर देते. साडेतीन टक्के ऊर्जा घटली की तिला वर्षाला सुमारे 12 लिटर जास्त लागतात. शंभर रुपये दराने 1,200 रुपये. मोटारवाल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. घरोघरी सामान पोहोचवणारा तरुण याच्या तिप्पट फिरतो आणि ते पैसे त्याच्या खिशातून जातात.

इथेनॉल मिश्रणाचे राष्ट्रीय लाभ खोटे नाहीत. कच्च्या तेलावरचे परकीय चलन वाचते, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. परंतु लाभ राष्ट्राचा असेल तर त्याचा भार लिटरच्या मापात लपवून सर्वांत कमी मायबाप असलेल्या ग्राहकावर टाकणे अन्याय्य आहे. आणि हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. नीती आयोगाने जून 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच मायलेजमधील घट मांडलेली होती आणि घटलेल्या ऊर्जेची भरपाई म्हणून अशा इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, असे सुचवलेले होते. चार वर्षांनी उत्तर आले की, इथेनॉलचा सरासरी खरेदीदरच लिटरला 71.32 रुपयांवर गेला आहे, तेव्हा स्वस्त कसे विकणार? उत्तर प्रामाणिक आहे. मग प्रामाणिकपणा पुरता करावा. ‘हे इंधन तुम्हाला महाग पडेल, देशासाठी सोसा’ असे सांगावे. चपळाईचे गाजर कशाला?

ब्राझीलचा दाखला या वादात हटकून दिला जातो. तो द्यावाच, पण अख्खा द्यावा. तिथल्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये ऑगस्ट 2025 पासून 30 टक्के इथेनॉल आहे हे खरे. मात्र तिथे 2003 पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जात आहेत आणि पंपावर इथेनॉलची वेगळी नळी व वेगळा दर असतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांहून खाली असेल तर इथेनॉल भरायचे, वर गेला तर पेट्रोल, हा हिशेब तिथला वाहनचालक पंपासमोर उभ्याउभ्या करतो.

इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही, हे मान्य. ते ज्यांचे काम आहे त्यांनी निदान प्रत्येक नळीवर इथेनॉलची टक्केवारी आणि रिसर्च ऑक्टेन ठळक अक्षरांत लिहावेत, दर ठरवताना लिटरबरोबर मेगाज्यूलही मोजावेत, आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांच्या मिश्रणाची एक नळी चालू ठेवावी. यातली शेवटची मागणी नवी नाही. जुन्या वाहनांच्या रक्षणासाठी ई-10 उपलब्ध ठेवावे, ही शिफारस 2021 च्या त्याच आराखड्यात आहे.