नळीवरची अक्षरं

अमेरिकेत शिकारीची रायफल घ्यायची म्हटलं की जो तो एकच मंत्र देतो, "जुनी घे!" पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या भाच्यालाही तो मिळाला. त्याला हवी होती मार्लिनची ३३६. चापाखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. १९४८ सालचं मॉडेल. पण नळीवर 'जेएम' ही अक्षरं असतील तरच म्हणे ती बंदूक, नाहीतर काठी!

शिक्क्याचं माहात्म्य मला कुणी सांगू नये. बँकेत माझा जन्म शिक्के मारण्यात चाललाय. शिक्का कागदाला लागतो. हरणाला लागते ती गोळी.

रेमिंग्टननं मार्लिन घेतली, २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला, जुने कारागीर घरी बसले आणि त्यानंतरचा माल पाहून गिऱ्हाईक हळहळलं, हे सगळं मान्य. पण ती मुरलेले हात घालवल्याची शिक्षा होती. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, मार्लिन रूगरकडे गेली. २०२३ पासून त्यांची ३३६ बाजारात आहे, आणि चांगली आहे. ऐकतो कोण?

नवी महाग पडते, खरं. पण कुणाच्या माळ्यावर चाळीस वर्षं पडलेल्या नळीत काय दडलंय, ते त्या दोन अक्षरांवरून कसं कळणार? नेम ढळला तर जायबंदी हरीण रानात तडफडतं हो! त्याला इंग्रजी वाचता येत नाही.

भाच्याला सांगितलं, नवी घे. आणि काडतुसांचे दोन डबे जास्त आणून आधी पुठ्ठ्यावर नेम धर.