मन्याचा मधुमेह

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या अंबाजोगाईच्या घरीं मोरीपाशीं मुंग्यांची रांग लागूं लागली. मोरी रोज धुतली जाते, साखरेचा डबा तेथून दूर. सूनबाईंनीं दोन दिवस त्यांच्या वाटेवर हळद टाकून पाहिली. तिसऱ्या दिवशीं ध्यानांत आलें कीं आमचा बोका मन्या ज्या कोपऱ्यांत लघवीस बसतो, तेथेंच या मुंग्या जमतात. चरकाच्या निदानस्थानांत प्रमेहाचें पूर्वरूप सांगतांना मूत्राकडे मुंग्या धांवतात हें लक्षण दिलेलें आहे. तें मीं पुष्कळ वर्षांपूर्वीं वाचलें होतें. आपल्याच मोरींत त्याचा पडताळा येईल असें मात्र वाटलें नव्हतें.

मग इतर गोष्टीही आठवूं लागल्या. मन्या दिवसांतून दहादहा वेळां बादलींत तोंड घालीत होता. खाणें वाढलें होतें, पण पाठीचा कणा हाताला लागूं लागला होता. आणि मागचे पाय तो बोटांवर न उचलतां टांचांपर्यंत टेकवून चालत होता. पूर्वीं एका झेपेंत चढत असे त्या कट्ट्यापुढें उभा राहून विचार करीत असे. म्हातारपण आलें, असें आम्हीं म्हटलें. तो दहा वर्षांचा आहे, त्यामुळें कोणाला वावगें वाटलें नाहीं. वस्तुतः साखर फार वाढली म्हणजे मांजराच्या मागच्या पायांतील मज्जातंतु दुबळे होतात, त्याचें तें चिन्ह होतें.

येथें स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. संस्कृत शिकवितांना संधीचें उदाहरण म्हणून 'स्थूलोतु', म्हणजे लठ्ठ मांजर, हा शब्द मीं शेंकडों वेळां फळ्यावर लिहिला. घरांतला स्थूलोतु मात्र कौतुकानें पाहत राहिलों! बोक्याची शस्त्रक्रिया झालेली, हिंडणें कमी, आणि दोन्ही वेळां दूधभात. मांजर हा मांसाहारी प्राणी. अमरानें त्याला 'आखुभुक्' म्हटलें आहे, 'ओदनभुक्' नव्हे. मांजराचा मधुमेह बहुधा प्रौढ माणसाच्या मधुमेहासारखा असतो: अंगावर चरबी सांचते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासें होतें, आणि जास्त इन्सुलिन पुरवितां पुरवितां स्वादुपिंड थकतें. बोके, त्यांतही शस्त्रक्रिया झालेले, या रोगास अधिक बळी पडतात. कांहीं वेळां खाजेवर किंवा दम्यावर दिलेल्या स्टिरॉइडच्या औषधांनींही तो उद्भवतो.

गांवांतील एका दवाखान्यांत मन्याला नेलें, तेव्हां बैल-म्हशींच्या रांगेंत त्याला पाहून तेथील गृहस्थ हंसले व म्हणाले, "गुरुजी, मांजराला कुठें साखर होते काय?" मी रागावलों नाहीं, ऊसतोडीच्या बैलांचा हा मुलूख, मांजर घेऊन येणारा विरळाच. परळीहून गंगाखेडमार्गें आगगाडीनें परभणीस जाऊन पशुवैद्यकीय महाविद्यालय गांठलें. तेथें एक नवी गोष्ट कळली. घाबरलेल्या मांजराच्या रक्तांतील साखर नुसत्या भीतीनेंही पुष्कळ चढते, म्हणून एकाच तपासणीवर निदान करूं नये. लघवींतील साखर व फ्रुक्टोसामीनची तपासणीही पाहावी. निदान ठरलें, आणि दर बारा तासांनीं ग्लार्जिन इन्सुलिनचे दोन युनिट टोंचावयाचे असें सांगितलें गेलें.

घरीं परतल्यावर खरा प्रश्न आला तो आहाराचा. दूधभात बंद, पोळी बंद, दुकानांतले कोरडे दाणेही शक्यतों नकोत, कारण बहुतेकांत पिष्ट भरपूर असतें. मांसाचें ओलें अन्न द्यावें. आमच्या वहिनी ८३ वर्षांच्या. त्या स्पष्टपणें म्हणाल्या, "भाऊजी, या घरांत कधीं अंडें फुटलें नाहीं." मी उत्तर दिलें नाहीं. कारण त्यांचें म्हणणें खरें होतें, आणि टॉरिन नांवाचें द्रव्य मांजराच्या शरीराला पुरेसें बनवितां येत नाहीं, तें मांसांतूनच मिळतें व त्यावांचून डोळे आणि हृदय बिघडतात, हेंही खरें होतें. दोन दिवस घरांत कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वहिनींनींच परसांतील जुन्या न्हाणीघराची किल्ली आणून दिली. आतां छत्रपती संभाजीनगराहून आणविलेले मांसान्नाचे डबे तेथें राहतात, ताटली वेगळी, चमचा वेगळा. स्वयंपाकघराशीं त्यांचा संबंध नाहीं. पुढें त्यांनीं विचारलें, "आणि हें इन्सुलिन तरी कशाचें?" पूर्वीं तें गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत, १९८२ पासून जंतूंकडून बनविलेलें मानवी इन्सुलिन विक्रीस आलें व ग्लार्जिनही जंतूंकडूनच होतें, असें सांगितल्यावर त्यांचें समाधान झालें.

टोंचणें अवघड नाहीं. मानेमागची सैल कातडी चिमटींत उचलून सुई तिरपी घालावी. खाण्याच्या नादांत मांजराला पत्ताही लागत नाहीं. पण आधीं खाणें, मग सुई. मांजर खाईना, तर नेहमींची मात्रा टोंचूं नये, वैद्यास विचारावें.

यापुढचें सावकाश वाचावें. वहिनीही इन्सुलिन घेतात. त्यांची कुपी मिलिलीटरला ४० युनिटांची, तर ग्लार्जिनची १०० युनिटांची. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या. एका सायंकाळीं मन्याच्या सिरिंजा संपल्या होत्या, म्हणून मीं वहिनींची घेतली व दोनच्या खुणेपर्यंत भरली. म्हणजे दोन नव्हे, पांच युनिट! रात्रीं दहाच्या सुमारास मन्या झोकांड्या खाऊं लागला, मान एका बाजूला, डोळे कोठेंच स्थिर नाहींत. नातवानें मधाची बाटली आणली. बेशुद्धीच्या काठावरील मांजराच्या घशांत मध ओतूं नये, श्वासांत जातो; हिरड्यांना चोळावा. तसा चोळीत राहिलों. पंधरा मिनिटांनीं त्यानें माझें बोट चाटलें. मग अन्न दिलें, परभणीच्या डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांच्या सांगण्यावरून रात्रभर दर तासाला कानाच्या कडेला टोंचून ग्लुकोमीटरवर साखर पाहिली. माणसांचें हें यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षां बहुधा कमी दाखवितें, हेंही लक्षांत असावें. तेव्हांपासून दोन्ही सिरिंजांचे डबे दोन खोल्यांत आहेत.

कुपी शीतपेटींत २ ते ८ अंशांवर ठेवावी, बर्फाच्या कप्प्यांत नको. ग्लार्जिन हलवून फेंसाळवूं नये. वैशाखांत वीज गेली म्हणजे आम्ही मोठ्या मडक्यांत ओली वाळू, तींत लहान मडकें आणि त्यांत घट्ट झांकणाच्या डबींत कुपी ठेवतों.

सुरुवातीलाच उपचार मिळाले आणि पिष्ट तोडलें, तर कांहीं मांजरांना थोड्या महिन्यांत इन्सुलिनची गरजच राहत नाहीं. म्हणूनच साखर मोजीत राहावें लागतें. गरज संपल्यावरही मात्रा चालू राहिली तर ती त्या रात्रीसारखी अंगावर येते. मन्याची मात्रा आतां एका युनिटावर आली आहे, टांचा थोड्या उचलल्या गेल्या आहेत, कट्टा अजून चढत नाहीं. वापरलेल्या सुया आम्ही जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत भरून दवाखान्यांत नेऊन देतों. घरच्या कचऱ्यांत टाकल्या तर झाडणाऱ्या बाईंच्या हाताला लागतील.