काडुनाचे पाद्री आणि इमाम

सलोख्याच्या कार्यक्रमातली गळाभेट फोटोपुरती छान दिसते. उत्तर नायजेरियातल्या काडुनाचे पाद्री जेम्स वुये यांची गोष्ट तशी गुळगुळीत नाही. १९९२च्या ख्रिस्ती-मुस्लिम दंगलीत हाणामारीला उतरलेल्या वुयेंनी एक हात गमावला. त्याच हिंसेत इमाम मुहम्मद अशफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ साली दोघे भेटले, दोघांनी मिळून मध्यस्थीचं केंद्रही काढलं. मन मात्र लगेच निवळलं नाही. एकाच खोलीत मुक्काम असताना झोपलेल्या इमामांच्या तोंडावर उशी दाबावी, असं मनात येऊन गेल्याची कबुली वुयेंनीच पुढे दिली. द्वेष उराशी धरून ख्रिस्त सांगता येत नाही, असं एका पाद्र्याने सुनावलं, तेव्हा कुठे ते बदलू लागले.

अशफा मशिदीत राहिले, वुये चर्चमध्ये. कुणी आपला धर्म पातळ केला नाही. (आपण ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून मोकळे होतो आणि शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायचा राहूनच जातो.) ऑगस्ट २००२मध्ये काडुनाच्या धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नोव्हेंबरात शहर पुन्हा पेटलं. दोघांनी काम सोडलं नाही.