सावनेर की सौंसर?

बाबा रेल्वेत गँगमन. येत्या जूनमध्ये निवृत्त होतील, क्वार्टर सोडावे लागेल. मग राहायचे कुठे? बाबा म्हणतात सावनेर. तिथे त्यांचे जुने घर आहे. मामा म्हणतो सौंसर. आजोळच्या संत्र्याच्या बागेत दोन खोल्या रिकाम्या आहेत. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती आणि राजधानी होती आपले नागपूर. त्या वर्षी सौंसर मध्य प्रदेशात राहिले, सावनेर मुंबई राज्यात आले. म्हणून घरात सध्या रेशनकार्ड, भावाची शाळा आणि जातीचा दाखला यांचीच चर्चा.

आईला मी विचारले. ती म्हणाली, "कोणत्या कागदावर माह्यं नाव आहे?"

त्याच १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. तरी आमच्याकडे बहिणी भाऊबीजेच्या साडीवर समाधान मानतात.

माझे मत असे, की आधी आईचे नाव लागावे, बागेवर किंवा घरावर. जिथे लागेल तिथे बिऱ्हाड न्यावे. मामाला हे आवडणार नाही. पण घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. मी नाही बोलायचे, तर कोणी?