पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकच अळी

मा. कुलगुरू, अकोला, परभणी व राहुरी कृषी विद्यापीठे,
मा. महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य,



मी कापूस पिकवतो आणि हे पत्र गुलाबी बोंडअळीविषयी आहे. या अळीवर आजवर परिपत्रके निघाली, मेळावे झाले, जनजागृतीच्या गाड्या गावोगाव फिरल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे संशोधनाबद्दल आहे. ही अळी जशी जगते आणि पसरते, तसे तिच्यावरचे संशोधन होत नाही. ते व्हायचे असेल तर तुम्हा तिन्ही विद्यापीठांना, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला सोबत घेऊन, एकाच शिवारात उतरावे लागेल.

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. अलीकडचा शेतकरी अकोल्याच्या विद्यापीठाचा, पलीकडचा परभणीच्या. जळगाव, बुलढाणा आणि छत्रपती संभाजीनगर हे तीन जिल्हे एकमेकांना लागून आहेत, पण तिथे राहुरी, अकोला आणि परभणी अशी तीन विद्यापीठांची कार्यक्षेत्रे भिडतात. खानदेशात विहिरीच्या पाण्यावर पूर्वहंगामी कापूस लागतो. त्याला पात्या-फुले लवकर येतात आणि हंगामातल्या पहिल्या पतंगांना तिथेच आसरा मिळतो. तिथे वाढलेली पिढी पुढे शेजारच्या कोरडवाहू पऱ्हाटीवर जाते. म्हणजे बुलढाण्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान थांबवायचे, तर सुरुवात जळगावच्या बागायतीपासून करावी लागते. हे काम कोणत्या विद्यापीठाने करायचे? आजच्या रचनेत ते कुणा एकाचे नाही, म्हणून ते राहून जाते.

आपण म्हणाल, संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक दरवर्षी होते, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ तिथे एकत्र येतात आणि शिफारशी मंजूर होतात. खरे आहे. पण वेगवेगळ्या प्रक्षेत्रांवर केलेले काम एका सभागृहात मंजूर करणे आणि मुळात ते काम एकत्र करणे, यांत फार अंतर आहे. बोंडअळीच्या बाबतीत हे अंतर थेट उत्पन्नात दिसते.

अळी अंड्यातून निघते आणि थोड्याच वेळात पाती, फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते. शिरलेले छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, आत सरकी पोखरलेली असते. त्यानंतर कितीही महाग औषध फवारा, ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तिला गाठायचे ते पतंग असताना, अंडी असताना, किंवा हंगाम संपल्यावर सरकीत आणि पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत पडून असताना. या तिन्ही वेळा एका शेताच्या हातात नाहीत. मी डिसेंबरात पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने तीच फरदड म्हणून मार्चपर्यंत राखली, तर माझ्या उपटण्याचा उपयोग किती? मी नर पतंगांना गोंधळात टाकणारे कामगंधाचे दोर झाडांना बांधले, पण दोन शेते सोडून मीलन झालेली मादी उडत आली, तर ती अंडी माझ्याच पऱ्हाटीवर घालणार.

म्हणूनच विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील काही गुंठ्यांच्या चाचणीत या उपायांचा खरा कस लागत नाही. कीटकनाशकाची मात्रा लहान वाफ्यात तपासता येते. मीलनात अडथळा आणण्याचे तंत्र, वेळेवर पीक काढून टाकण्याचा परिणाम, लवकर येणाऱ्या वाणांचा फायदा यांचे उत्तर मात्र हजारो एकरांच्या सलग शिवारातच मिळते. हजारो एकर सलग घ्यायचे म्हटले की जिल्ह्याची सीमा आडवी येते, तालुक्याची येते आणि विद्यापीठाचीही येते.

आपल्याच मातीतला एक दाखला आहे. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता सीमा ओलांडून कर्नाटकातही पसरला. पाने पांढरी झाली, शेतकरी हवालदिल झाला, मिळेल ते औषध मारू लागला. त्या वेळी बंगळुरूची जैविक कीड नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था, धारवाड आणि राहुरीची कृषी विद्यापीठे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि साखर कारखाने अशी सगळी मंडळी कामाला लागली. डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक ओळखले गेले, वाढवले गेले, शेतात सोडले गेले. एन्कार्शिया ही परोपजीवी गांधीलमाशी ईशान्य भारतातून इकडे आणली गेली. फवारणी थांबवा, मित्रकीटक जगू द्या, हे कारखान्यांच्या शेतकी विभागाने बांधावर जाऊन सांगितले. मावा आटोक्यात आला. त्या कामात दोन राज्यांच्या संस्था होत्या. आपल्याकडे एकाच राज्यातली तीन विद्यापीठे आहेत आणि प्रश्न त्याहून जुना झाला आहे.

दुसरा दाखला खुद्द गुलाबी बोंडअळीचा. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचे तिथल्या कृषी खात्याने ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर केले. ती तिथे 1917 मध्ये आढळली होती, म्हणजे लढा शंभर वर्षे चालला. शेवटच्या टप्प्यात ॲरिझोना विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ, सरकारी यंत्रणा आणि कापूस उत्पादकांच्या संघटना यांनी एकाच आराखड्यावर काम केले. बीटी वाण, कामगंध, पीक संपल्यावर शेत नांगरणे, आणि किरणोत्सर्गाने वंध्य केलेले पतंग अब्जावधींच्या संख्येने विमानातून सोडणे, असे सगळे एकाच वेळी केले. खर्चाचा मोठा वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलला. आपल्याकडे हे जसेच्या तसे होणार नाही, हे मला कळते. तिथली शेते अफाट, शेतकरी थोडे. इथे सुमारे 40 लाख हेक्टर कापूस, तोही बहुतांश कोरडवाहू आणि दोन-चार एकरांच्या तुकड्यांत. पण तुकडे जितके लहान तितकी एकत्रित आराखड्याची गरज मोठी.

इथे बीटीचे काय झाले, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. 2002 मध्ये एका जनुकाचे वाण आले, 2006 मध्ये दोन जनुकांचे. 2010 मध्ये गुजरातेतील बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली. बीटीसोबत मिळणारे, आश्रय पिकासाठीचे नॉन-बीटीचे पाकीट बांधावर लावले गेले नाही, हे खरे. पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नका. आपल्याकडे संकरित वाणच विकले गेले, त्यांच्या बोंडात काही सरक्यांत जनुक असते आणि काहींत नसते. त्यामुळे अळीला विषाची सवय होण्याची संधी बोंडातच मिळत गेली. त्यात वाण दीर्घ मुदतीचे. गुजरातेत जे घडत होते ते खानदेशात आणि विदर्भात येणार, याचा अंदाज बांधायला एकत्र निरीक्षण हवे होते. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात वेचणीला आलेली बोंडे फोडून पाहिली तेव्हा कुठे सगळ्यांना आकांत कळला. कवडी कापूस व्यापाऱ्याने मातीमोल भावाने घेतला.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते, शेतमजूर होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र. तुमच्या शिफारशीत औषध असते आणि त्याची मात्रा असते. दुकानात आणि पंपात मात्र मिश्रण असते. या मिश्रणांचा माणसावर, मित्रकीटकांवर आणि किडीच्या प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हे कीटकशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे डॉक्टर यांनी मिळून तपासायला हवे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घराला नुकसानभरपाई मिळाली असेल, पण पुढच्या वर्षी पंप पाठीवर घेणाऱ्याला त्या संशोधनाचीच गरज आहे. हा भाग लिहिताना हात जड होतो, म्हणून इथेच थांबतो.

आपण एकत्र काम करू शकता, याचा पुरावा क्रॉपसॅप आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला आणि पुढच्याच हंगामात कृषी खाते, विद्यापीठे आणि राष्ट्रीय संस्था यांनी मिळून किडींचे सर्वेक्षण सुरू केले. शेतातली नोंद संगणकावर, तिथून विद्यापीठात, तिथून सल्ला परत गावात. देशाने त्याची दखल घेतली. त्याच पायावर पुढचे काम उभे करता येईल.

पैनगंगेच्या दोन्ही काठांची सलग गावे निवडा. तीन हंगाम, एकच आराखडा, एकच नोंदवही. कमी मुदतीचा वाण, एकाच पंधरवड्यात पेरणी, कामगंधाचे दोर, अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकांची ट्रायकोकार्डे, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी बाहेर. फरदड सोडणाऱ्याचे जे उत्पन्न बुडेल त्याची भरपाई प्रयोगाच्या खर्चात धरा. ती धरली नाही तर गरजू शेतकरी फरदड ठेवणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. परिसरातील जिनिंगही प्रयोगात घ्या. सरकीच्या ढिगांतून उन्हाळ्यात पतंग निघत असतात आणि जिनिंगला लागून असलेल्या शेतांत पहिला फटका बसतो.

दर हंगामात प्रत्येक कापूस जिल्ह्यातून अळ्या गोळा करून त्यांची बीटी प्रथिनांवर चाचणी करा आणि निकाल पुढच्या पेरणीआधी सर्वांसाठी खुला करा. सापळ्यांतल्या पतंगांची गावनिहाय आकडेवारीही तशीच खुली ठेवा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की उपाय करा, असे आपण सांगता. मग नदीपलीकडच्या गावात काल किती आले, हे मला आज कळले पाहिजे.

कीटकशास्त्राच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय यातले काही होणार नाही, हे परिषदेने शासनाला स्पष्ट शब्दांत लिहावे. आणि जो तरुण शास्त्रज्ञ दुसऱ्या विद्यापीठाच्या गावात जाऊन तीन हंगाम चिखल तुडवेल, त्याचे ते काम पदोन्नतीत स्वतःच्या नावावरच्या शिफारशीइतकेच मोजले जाईल, असा ठराव करा.

पेरणीपूर्वीची आपली पुढची बैठक उमरखेड किंवा हदगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात घ्यावी, अशी विनंती आहे. दोन्ही काठांचे शेतकरी, जिनिंगवाले आणि औषध दुकानदार यांना बोलवा. मी येईन, माझ्या शेताच्या नोंदी घेऊन येईन, आणि प्रयोगासाठी माझे शेत देण्याची तयारी आजच लेखी कळवतो.

आपला,
एक कापूस उत्पादक